संगणकाच्या पोटातला पाऊस

मुलांनो, तुमच्या घरी, आजोळी किंवा शाळेत एखादा जुना संगणक पडून आहे का? तोच तो, टेबलाखाली लोखंडी पेटी आणि टेबलावर पडदा. ‘चालू होत नाही हो तो,’ असं एक दिवस कुणीतरी म्हणतं आणि त्या दिवसापासून पेटीचं स्टूल होतं. मग तिच्यावर जुन्या वह्या येतात, गणपतीच्या मखराचे तुकडे येतात, कधी एखादी रिकामी बरणीसुद्धा येऊन बसते. आत काय बिघडलंय हे मात्र कुणी विचारत नाही.

आमच्या शाळेतल्या अशाच एका संगणकाची ही गोष्ट. खरी घडलेली, बरं का! आणि त्यात सगळ्यात मोठी चूक माझीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमची शाळा माणदेशातली, जिल्हा परिषदेची. सह्याद्रीवर ढग आपलं पाणी रिकामं करतात आणि आमच्याकडे येईतो त्यांच्यात फारसं काही उरत नाही. याला भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. अशा गावात पावसाच्या एकेका थेंबाची किंमत असते. माझ्या आधी इथं जे गुरुजी होते, त्यांनी २०१२ च्या जूनपासून मुलांकडून रोजचा पाऊस मोजून घ्यायला सुरुवात केली. साधन काय? सरळ भिंतींची एक प्लॅस्टिकची बाटली. तिचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला आणि बाहेरून पट्टी चिकटवलेली. शाळेजवळ राहणारी मुलं सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी बघायची. साडेआठच का? कारण आपला हवामान विभागही पावसाची नोंद सकाळी साडेआठलाच घेतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर बरोबर एक लिटर पाणी. हिशेब करायलाही सोपा!

मुलं आकडा वहीत लिहायची आणि दर शनिवारी गुरुजी तो संगणकात भरायचे. असे सात पावसाळे झाले. २०१९ च्या मे महिन्यात गुरुजींची बदली झाली आणि जूनमध्ये मी आले. नवी शाळा, नवा वर्ग, नवी कामं. बाटली छपरावरून खाली आली ती पुन्हा वर गेलीच नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. पुन्हा उघडल्या तेव्हा कपाटातल्या वह्यांना वाळवी लागली होती आणि संगणकाचं बटण दाबलं तर ढिम्म! दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. मी त्याच्यावर एक चादर टाकली आणि तीन वर्षं विसरून गेले.

२०२३ च्या दिवाळीनंतर दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. एक म्हणजे, मोडक्या सामानाची निर्लेखनाची यादी द्या, असा निरोप आला. निर्लेखन म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमधून वस्तूचं नाव खोडणं, मग तिचा भंगारात लिलाव. मी यादीत दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं : संगणक, नादुरुस्त. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, आमच्या शाळेतून शिकून गेलेली, आता अकरावीत असलेली एक मुलगी आली. तिला पर्यावरणाचा प्रकल्प करायचा होता. म्हणाली, “बाई, गुरुजींच्या पावसाच्या वह्या आहेत का? तालुक्याचा आकडा मिळतो, पण आपल्या गावाचा कुठंच नाही.” खरंच आहे ते. तुम्हीही पाहिलं असेल, ओढ्याच्या अलीकडे धो धो पडतो आणि पलीकडे धूळ उडत असते. लांबच्या गावातल्या पर्जन्यमापकाला आपल्या शिवारातला पाऊस कसा कळणार?

वह्या तर वाळवीनं खाल्ल्या होत्या. मी काही न बोलता चादरीकडे पाहिलं. तीही तिकडेच बघत होती. यादीतला दुसरा क्रमांक मी त्याच दिवशी खोडला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला संगणक दुरुस्त करता येतो का? छे! पण एक गोष्ट मला वर्गात शिकवून शिकवून माहीत होती. गणित चुकलं की पहिल्या पायरीपासून बघत यायचं, जिथं चुकलं तिथं आपोआप थांबायला होतं. विजेचंही तसंच आहे. भिंतीतून निघून ती पडद्यापर्यंत पोचते, तर आपणही भिंतीपासूनच निघायचं.

म्हणून पहिला प्रश्न : भिंतीत वीज आहे का? हसू नका! संगणक बंद पडला म्हणून लोक दुकानात घेऊन जातात आणि दोष निघतो तो घरच्या प्लगात. आम्ही त्याच प्लगात मोबाईलचा चार्जर लावून बघितला. चालला. मग वायर. संगणकाच्या पेटीला लागते तशीच जाड काळी वायर बऱ्याच मॉनिटरनाही लागते. आमच्या मॉनिटरचा दिवा लागत होता, म्हणजे त्याची वायर चांगली. ती काढून पेटीला लावली. तरीही ढिम्म. तिसरी जागा पेटीच्या मागे, जिथं वायर घुसते तिथं. तिथं बऱ्याचदा एक बारीकसा खटका असतो, त्याच्या एका बाजूला रेघ आणि दुसऱ्या बाजूला शून्य. रेघेची बाजू दाबलेली असेल तर चालू. झाडताना कुणाचा तरी हात लागून तो बंद होतो आणि वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही. आमचा चालूच होता. (काही जुन्या पेट्यांना तिथंच एक लाल खटकाही असतो, ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेला. त्याला हातही लावू नका. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. तो ११५ वर सरकवून बटण दाबलंत तर फाट् असा आवाज येईल आणि मग दुरुस्तीला काही उरणार नाही.)

म्हणजे दोष पेटीच्या आत होता.

इथं थांबून मोठ्या माणसाला बोलवायचं, मुलांनो. आई, बाबा, काका, ताई, कुणीही. वायर भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर काढल्यावर पेटीचं चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली थोडीफार वीज निघून जाते. आणि आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या लोखंडी भागाला बोट लावायचं. हिवाळ्यात स्वेटर काढताना चट्चट् होतं ना? ती अंगावरची वीज. आपल्याला ती गुदगुल्या करते, पण आतल्या बारीक चिपला मारू शकते.

व्हरांड्यात जुनी सतरंजी टाकून आम्ही पेटीचं एका बाजूचं पान काढलं. तोंडाला रुमाल बांधले होते ते बरं झालं. आत धुळीची गोधडीच होती! पंख्याच्या पात्यांवर, त्याखालच्या पन्हाळीपन्हाळीच्या धातूवर, सगळीकडे. एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन पांढरी टरफलं आणि एक वाळलेलं झुरळ. मुलांना संगणकापेक्षा झुरळाचंच अप्रूप जास्त! मग मलाही राहवलं नाही आणि मी त्यांना १९४७ सालची गंमत सांगितली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मार्क-२ नावाचा खोलीभर पसरलेला संगणक होता. त्या वर्षी ९ सप्टेंबरला तो चुका करायला लागला. शोधलं तर आतल्या एका विजेच्या खटक्यात पतंग अडकून मेलेला! तिथल्या लोकांनी तो पतंग नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवून ठेवला. तो अजूनही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. संगणकातल्या चुकीला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात ना, त्याची गोष्ट सांगताना लोक हाच पतंग दाखवतात. शब्द मात्र त्याहून जुना आहे, एडिसनसुद्धा तो वापरायचा. आमच्या चौथीतल्या मुलांनीही झुरळ वहीत चिकटवायची परवानगी मागितली. मी दिली नाही.

धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशनं काढली. ओलं फडकं वापरायचं नाही. पंखा एका बोटानं धरून ठेवायचा, गरगर फिरू द्यायचा नाही.

धूळ गेल्यावर आतलं जग दिसलं. ते तुम्हालाही ओळखता येईल. सगळ्यात मोठी हिरवट पाटी म्हणजे मदरबोर्ड. बाकी सगळे भाग तिच्यावर बसलेले किंवा वायरींनी तिला जोडलेले. पंख्याखाली बसलेला प्रोसेसर, तो आकडेमोड करणारा. त्याच्या शेजारी उभ्या खोचलेल्या लांबट पट्ट्या म्हणजे रॅम. आणि पुढच्या बाजूला चपटा, जड, धातूचा डबा म्हणजे हार्ड डिस्क.

रॅम आणि हार्ड डिस्क यांत गल्लत करू नका हं! रॅम म्हणजे आपला फळा. शिकवताना त्यावर सगळं असतं, पण शाळा सुटली की पुसला. वीज गेली की रॅममधलं सगळं जातं. हार्ड डिस्क म्हणजे वही. तिच्यात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात, चालू असताना बहुतेक डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतात. त्यांच्यावर बारीक बारीक ठिपक्यांत चुंबकत्वाच्या रूपानं सगळं लिहिलेलं असतं. लोहचुंबकाला चुंबक राहायला वीज लागते का? नाही ना? म्हणून वीज नसली तरी ते लिहिलेलं टिकतं. अकरावीतल्या आमच्या मुलीनं हे ऐकलं आणि त्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं, “म्हणजे पाऊस ह्यात आहे?”

असावा, एवढंच मी म्हणू शकले.

आणखी एक डबा राहिला. वायर जिथं घुसते तिथला, मागच्या कोपऱ्यातला, पंखा असलेला. त्याला एसएमपीएस म्हणतात. हा डबा उघडायचा नाही! मोठ्यांनीही नाही. भिंतीतली २३० व्होल्टची वीज आधी त्याच्यात येते आणि आतल्या एका मोठ्या कपॅसिटरमध्ये ती सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठते. वायर काढल्यावरही काही वेळ ती तिथं दबा धरून बसलेली असू शकते. जुन्या, मागे पोट सुटलेल्या काचेच्या मॉनिटरचंही तेच. त्याच्या आत तर हजारो व्होल्ट असतात. या दोन वस्तूंना बाहेरूनच नमस्कार.

पण एसएमपीएस काय काम करतो ते बघण्यासारखं आहे. एवढी मोठी वीज मदरबोर्डला झेपणार कशी? म्हणून हा तिला बारीक करून, वाटे घालून देतो. पिवळ्या वायरीतून १२ व्होल्ट, लाल वायरीतून ५, नारिंगी वायरीतून ३.३. काळी वायर परतीची. १९९५ साली एटीएक्स नावाची पद्धत ठरली, तेव्हापासूनचे हे रंग बहुतेक ठिकाणी सारखेच दिसतात. त्यातली जांभळी वायर सगळ्यात मजेशीर. संगणक बंद असतानाही तिच्यातून ५ व्होल्ट येत राहतात, म्हणजे घर झोपलं तरी देवघरातली समई तेवती असावी तसं. आपण पुढचं बटण दाबतो तेव्हा या समईच्या उजेडात मदरबोर्डला ते कळतं, मग तो हिरव्या वायरीतून एसएमपीएसला खुणावतो : ऊठ! समईच विझली असेल तर बटण कितीही दाबा, ऐकणारं कुणी जागंच नसतं.

आमच्या गावात शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी भरून देणारे एक काका आहेत. मोटार भरणं म्हणजे जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. त्यांच्याकडे मल्टिमीटर आहे. ते आले, मुलांना त्यांनी चार हात लांब बसवलं, वायर भिंतीत लावली आणि मल्टिमीटरची एक सुई काळ्या वायरीला, दुसरी जांभळीला लावली. आम्ही सगळे त्या बारक्या पडद्याकडे बघत होतो.

शून्य.

“समई विझली,” आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. मला मात्र हायसं वाटलं. दोष सापडला होता आणि तो डिस्कमध्ये नव्हता!

शाळेच्या कपाटावर दुसऱ्या एका संगणकाची पेटी होती, तिचा मदरबोर्ड कधीचाच जळालेला. तिचा एसएमपीएस काकांनी तपासला. जांभळी वायर पाचच्या आसपास. तो वापरायचं ठरलं. जुना काढण्याआधी मुलांनी कोणती वायर कुठं आहे याची चित्रं वहीत काढली. फोनवर फोटोही काढले होते, पण खरं सांगू? उपयोग चित्रांचाच झाला, कारण फोटोत सगळ्या वायरी एकमेकींत गुंतलेल्या दिसत होत्या.

नवा डबा बसवला. बटण दाबलं. आणि पंखा फिरला! मुलांनी एवढा ओरडा केला की शेजारच्या अंगणवाडीतल्या ताई धावत आल्या. पण पडदा काळाच. आवाजही नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काका म्हणाले, “आता बोर्डच गेला असंल बघा, मॅडम.” मी वायर काढायला वाकले. तेवढ्यात चित्रं काढणारी तिसरीतली मुलगी म्हणाली, “बाई, माझ्या चित्रात पंख्याजवळ चार भोकांचा एक पांढरा प्लग आहे, तो तुम्ही लावलाच नाही.”

खरंच की! २४ पिनांचा मोठा प्लग मी लावला होता, पण प्रोसेसरला वीज देणारा चौकोनी छोटा प्लग लोंबकळत राहिला होता. हात आहेत, पाय आहेत, पण डोक्याला रक्तच नाही, अशी त्याची गत! तेव्हा मुलांनो, पंखे फिरतात आणि बाकी काहीच होत नाही असं झालं, तर हा चार पिनांचा प्लग आधी बघा.

तो लावला आणि संगणक बोलला. टूंऽऽ... टूंऽऽ... टूंऽऽ... लांब, एकसारखा. पडदा अजून काळाच. मुलं घाबरली, पण ही चांगली खूण होती. पडदा चालू होण्याआधी काही बिघाड सापडला तर संगणक अशा आवाजांतून तो सांगतो. कंपनीप्रमाणे या खुणा बदलतात, पण असा लांब एकसारखा आवाज पुष्कळदा रॅमची तक्रार असते. म्हणजे फळा सापडत नाही असं तो म्हणत होता.

आणि इथं आपल्या कंपासपेटीतलं एक हत्यार कामाला आलं. कोणतं? खोडरबर! वीज बंद, वायर बाहेर, लोखंडाला बोट. मग रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की पट्टी सुटून येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. त्यांच्यावर हवेनं आणि ओलाव्यानं काळपट थर चढतो आणि वीज नीट पोचत नाही. मऊ पांढऱ्या खोडरबरनं ते दात हलक्या हातानं पुसायचे, रबराचा चुरा ब्रशनं झाडायचा आणि पट्टी पुन्हा खोचायची. पट्टीला खालच्या कडेला एक खाच असते, ती जुळली तरच ती बसते. उलटी घालून जोर करू नका. दोन्ही खिट्ट्या ‘टक्’ करून आपोआप बंद झाल्या म्हणजे बसली.

टक्, टक्. वायर लावली. बटण. टूं न करता एक छोटंसं टिक् झालं आणि पडदा उजळला.

पडद्यावर तारीख होती १ जानेवारी २००८. आमच्या चौथीतल्या मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता! बोर्डवर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, तीन व्होल्टची, सीआर-२०३२ नावाची. तीच संगणकाचं घड्याळ चालू ठेवते. ती संपली की संगणकाला आजची तारीख कळत नाही. दुकानात ती सहज मिळते. ती लहान भावंडांच्या हाती मात्र पडू देऊ नका, गिळली तर फार वाईट. तिच्यासाठी अडायचं कारण नव्हतं. एफ-१ चं बटण दाबून आम्ही पुढं गेलो. ओळखीचा निळा पडदा आला. आता पाऊस दिसणार, म्हणून सगळे पुढं सरकले.

आणि संगणक बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झाला. मग पुन्हा. मग पुन्हा. दरवेळी निळ्या पडद्यापर्यंत यायचा आणि उलटा फिरायचा.

काकांनी बॅटरी मारून बोर्ड न्याहाळला. प्रोसेसरच्या शेजारी छोटे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर असतात. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. आमच्या तिघांची डोकी फुगली होती आणि एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकट ओघळ होता. हे वीज साठवून ती एकसारखी ठेवतात. ते खराब झाले की बोर्डला हिसके बसतात. बदलता येतात, पण त्याला बारीक डाख द्यावा लागतो.

मला मात्र चेव आला होता. आता एवढं झालंय तर बदलूनच टाकू, असं मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, गाडी चिखलात रुतली तर आधी पोती उतरवावी. गाडीचं मग बघता येतं.” मी गप्प झाले. आम्हाला संगणक थोडाच हवा होता? हवा होता पाऊस. आणि असा हिसके खाणारा संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून आम्ही त्याच डिस्कला धक्के देत होतो.

तेव्हा चार स्क्रू काढले आणि डिस्क बाहेर घेतली. ती अंड्यासारखी धरायची, आपटायची नाही, उघडायची तर मुळीच नाही. ती माझ्या लॅपटॉपला जोडायला यूएसबीची एक वायर मिळते. मी ती ओळखीच्या एका शिक्षकांकडून आणली. जोडली. काहीच नाही. डिस्क फिरेचना! रात्रभर मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं की ती वायर लॅपटॉपच्या छोट्या डिस्कची होती. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कच्या मोटारीला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून ५ च मिळतात. भिंतीत लावायचा वेगळा अडॅप्टर असलेली जोडणी लागते. ती तालुक्याच्या गावी मिळाली.

लावली. डब्याला कान लावला. हलकी गुणगुण ऐकू आली, एकसारखी. (डिस्क कट्कट् करत असेल तर लगेच वीज बंद करायची आणि आतलं फार मोलाचं असेल तर जाणत्या माणसाकडे न्यायची. पुन्हा पुन्हा लावून बघण्यात चकत्यांवर ओरखडे उठतात. आणि लॅपटॉपनं ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. हो म्हणणं म्हणजे वही कोरी करायला देणं!)

मुलीला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आतलं काहीही उघडायच्या आधी अख्खा फोल्डर लॅपटॉपवर उतरवला आणि मग एका पेनड्राइव्हवरही. मगच फाइल उघडली. आणि बघते तर काय, वरच्या मथळ्यांत नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ! एक शब्द वाचता येईना. गुरुजींनी मराठी टाईप केलं होतं ते जुन्या फॉन्टमध्ये. तेव्हाच्या बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे खरं मराठी नसायचं, इंग्रजी अक्षराला मराठी अंगरखा घातलेला असायचा. अंगरखा नसला की आतलं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. आज आपण युनिकोडमध्ये लिहितो, तिथं ‘क’ हा कुठंही गेला तरी ‘क’च राहतो. मग अंगरखा आणायचा कुठून? डिस्कवर जुन्या विंडोजचा फोल्डर होता, त्यात फॉन्टचा फोल्डर होता आणि त्यात तो फॉन्ट जसाच्या तसा होता. लॅपटॉपवर बसवला आणि भेळीचं एका क्षणात मराठी झालं. तारीख. मिलिमीटर. नोंद घेणारा.

त्या संगणकाचं काय झालं म्हणाल तर, त्याचा मॉनिटर आता माझ्या लॅपटॉपला जोडून वर्गात वापरतो, कीबोर्डही चालतो. बोर्ड आणि मेलेला एसएमपीएस यांची नावं निर्लेखनाच्या यादीत परत गेली, ई-कचरा म्हणून. भंगारवाल्याला आम्ही ते दिले नाहीत. बोर्डच्या जुन्या डाखात शिसं असतं आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या की त्याचा धूर विषारी. ई-कचरा नोंदणी केलेल्या ठिकाणीच द्यावा, असा आपल्या देशात नियम आहे. मध्ये चार-पाच महिने तो शाळेतच पडून राहिला, पण जाळला गेला नाही.

पाऊस मात्र सगळा होता. २०१२ पासून २०१८ पर्यंत, दर वर्षाचं एक पान. मुलीनं २०१५ चं पान काढलं. ते दुष्काळाचं वर्ष, मराठवाड्यात आणि आमच्याकडेही. तेव्हा ती तिसरीत होती. पान बघताना मला आधी वाटलं, आकडे भरलेलेच नाहीत की काय. मग दिसलं, सगळीकडे शून्य होतं. शून्य, शून्य, शून्य, रकान्याच्या तळापर्यंत.

“गुरुजी म्हणायचे, पाऊस नाही पडला तरी लिहायचं,” ती म्हणाली. “रिकामं सोडलं तर पाऊस नव्हता की बघायला कुणी गेलं नव्हतं, ते कसं कळणार?” आणि तिनं पडद्यावर बोट ठेवलं. शेवटच्या रकान्यात नोंद घेणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. ऑगस्टच्या त्या ओळींत ते तिचं होतं. “रोज चढून बघायचे, बाई. शिडीला तेव्हा एक पायरी कमी होती.”

मी २०१९ पासूनच्या माझ्या कोऱ्या वर्षांबद्दल काही बोलले नाही. तिनंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौथीतल्या दोघांनी एक बाटली कापून आणली. मी म्हटलं, अरे, डिसेंबर चाललाय, आता कुठला पाऊस? पण त्यांनी पट्टी चिकटवलीसुद्धा होती. शिडी लावून बाटली छपरावर बांधली. परवा सकाळी साडेआठला ते दोघं नवी वही घेऊन वर्गाच्या दारात उभे.

“बाई, नुसतं शून्य लिहायचं, का शून्य दशांश शून्य?”